निरोप्याची घडी

घडीताईंचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वाचायची वेळ सहसा कुणावर येत नाही. प्रयोगशाळेत आलेला प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या बाकापाशी घोटाळतो आणि विचारतो, "ताई, तुम्ही नेमकं काय करता?" ताई मान वर न करता सांगतात, "घड्या घालते." विद्यार्थी हसतो. त्याला वाटतं, बाई आपली फिरकी घेताहेत. बाई फिरकीबिरकी काही घेत नसतात. गेली सव्वीस वर्षं त्या एकाच प्रथिनाच्या घड्या घालताहेत.

हे प्रथिन म्हणजे निरोप्या. शरीरातली एक पेशी त्याला सोडते, ते दुसऱ्या पेशीच्या अंगावरच्या खाचेत जाऊन बसतं आणि आत निरोप पोचतो: वाढ, तंतू फोड. मज्जापेशींना हा निरोप मिळाला की त्या हातपाय पसरतात, नाही मिळाला की आक्रसून जातात. सारा खेळ त्या खाचेत बसण्याचा. प्रथिन मुळात शे-सव्वाशे मण्यांची एक लांब माळ. ती ठरावीक वळणांनी दुमडली, तीन ठिकाणी तिला आतून टाके पडले आणि अशा दोन माळा एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या, की मग तो आकार होतो. मणी तेच, त्यांचा क्रम तोच, पण एक वळण चुकलं तर निरोप्या दारातून परत फिरतो.

विद्यार्थ्यांना हे पटत नाही. सगळे मणी जागच्या जागी आहेत म्हटल्यावर काम व्हायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. मग ताई ड्रॉवरमधून घराची किल्ली काढतात. "ही वितळवून गोळा केला तर वजन किती भरेल? तेवढंच. पितळ तेच ना? तेच. मग घाला तो गोळा कुलपात आणि जा घरी." एवढं ऐकल्यावर बहुतेक जण वही उघडतात.

प्रयोगशाळेत हे प्रथिन जिवाणूंकडून करून घेतात. जिवाणू कामाला वाघ, पण घडीच्या बाबतीत अगदीच गबाळे. ते माळांवर माळा तयार करतात आणि सगळ्यांचा बोळा करून एका कोपऱ्यात फेकून देतात. तो बोळा सोडवायला युरिया लागतो. पाण्यात युरियाची पूड अगदी भरपूर विरघळवायची, त्यात बोळा घालायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माळा सुट्या, सरळ होतात. मग थंड खोलीत मोठ्या बीकरमध्ये पाच लिटर द्रावण संथ फिरत ठेवायचं आणि त्यात सुटी केलेली माळ एकेक थेंब सोडायची. एक थेंब पडला, विरला, की दुसरा. घाई केली की माळा एकमेकींत गुंततात आणि पुन्हा बोळा. असं चार तास स्टुलावर बसायचं, अंगात स्वेटर, वर कोट. पुढे तीन दिवस बीकरला हात लावायचा नाही. घडी आपली आपण बसते. ताईंचं काम तिच्या आड न येण्याचं.

हे त्यांना थोरल्या सरांनी शिकवलं. ताईंची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. ताई बारावी झाल्या आणि तीन महिन्यांच्या बदली कामावर इथे लागल्या. थोरल्या सरांनी विचारलं, "धीर आहे का तुझ्याकडे?" ताई म्हणाल्या, "आईबरोबर चादरींच्या घड्या घातल्यात, सर. दिवसाला तीनशे." सरांना उत्तर आवडलं. तीन महिन्यांची सव्वीस वर्षं झाली. सर गेले, त्यांच्या हातचा नियमांचा तक्ता भिंतीवर पिवळा पडला आणि मागच्या रंगकामात तोही गेला. ताईंना त्याची गरज नव्हती. त्यांना तो पाठ होता. तीच तर पंचाईत झाली, पण ते पुढे येईल.

ताई प्रत्येक खेपेला 'घाणा' म्हणतात. महिन्याला एक घाणा. तो कुप्यांत भरून पाच प्रयोगशाळांत जातो आणि तिथली मंडळी त्यावर आपापली कामं चालवतात. सव्वीस वर्षांत बिघडलेले घाणे ताईंना बोटांवर मोजता येत होते, आणि त्यातल्या एकाचं खापर लोडशेडिंगवर फोडता येत होतं.

या थंडीत मात्र लागोपाठ तीन बिघडले.

बिघडले म्हणजे कसे, तर कागदावर शंभर नंबरी. वजनाला पुरेपूर. मापाप्रमाणे प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर चालवले तर एकच पट्टा, तोही नेमक्या जागी. पण शेवटची परीक्षा पेशींची असते, आणि तिथे वशिला चालत नाही. बशीतल्या पेशींवर प्रथिन टाकायचं आणि तीन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघायचं. एरवी पेशींना लांबच लांब तंतू फुटलेले असतात, एकमेकींना शिवणारे. यंदा पेशी जशाच्या तशा बसून होत्या, शर्टाच्या बटणांसारख्या गोल. निरोप कुणालाच पोचला नव्हता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम चौदा वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून इथे आल्या होत्या. पिपेट कसं धरायचं हे त्यांना ताईंनीच शिकवलं, आणि पहिल्या दिवशी "बंदूक नाही ती, मनगट सैल सोड" असं झापलंही होतं. आता त्या ताईंना आपल्या खोलीत बोलवायच्या तेव्हा उठून खुर्ची पुढे करायच्या. तिसऱ्या घाण्यानंतर त्यांनी खुर्ची पुढे केली आणि दार लोटून घेतलं.

"ताई, राग मानू नका. थेंब सोडताना तुमचा हात कापतो का हल्ली?"

"नाही."

"मी थंड खोलीत पाहिलं. तुमची बोटं पांढरी पडली होती."

"गारठ्यानं पडतात. कापत नाहीत."

मॅडमनी टेबलावरचे कागद सारखे केले. "पुढच्या महिन्यापासून तयार कुप्या बाहेरून मागवू या. तुम्हाला भांडारात बसवते. अजून चौदा वर्षं काढायची आहेत तुम्हाला. तिथे ऊब आहे, उभं राहायला लागत नाही."

मॅडमच्या मनात वाईट होतं असं नाही. ताईंना तेच जास्त लागलं. कुणी वाकड्यात शिरलं असतं तर त्यांनी चार शब्द सुनावले असते. त्या एवढंच म्हणाल्या, "आणखी एक घाणा करू द्या."

"एक," मॅडम म्हणाल्या.

घरी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं चष्म्याचं छोटं दुकान, आणि जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "सव्वीस वर्षं निरोप्ये घडवलेस, आणि आता तुलाच निरोप देताहेत होय?" दुसऱ्या कुठल्या दिवशी ताई हसल्या असत्या. आज त्या हसल्या नाहीत. नवऱ्याने स्वतःचाच चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग ताईंनी सुयांची डबी आणली, दिव्याखाली बसल्या आणि एकामागून एक दहा सुयांमध्ये दोरा ओवला. दहाच्या दहा, पहिल्या खेपेत.

"बघ," नवरा म्हणाला. "हात पक्का आहे."

"मग काय बिघडलंय?"

नवरा सुया डबीत भरू लागला. हात पक्का निघाला, याचीच ताईंना भीती वाटत होती. हाताने दगा दिला असता तर निदान कळलं असतं. कारण न कळता हातातलं काम जाणं म्हणजे सव्वीस वर्षं आपल्याला काही कळतच नव्हतं असं होणं. भांडारात बसून कुणाला रबरी हातमोजे, कुणाला टिपकागद देताना आपण कोण असू, हे त्यांना डोळ्यांपुढे आणवेना.

या सगळ्यात एकच माणूस ताईंच्या बाजूने उघडपणे बोलत होता, तो म्हणजे बाटलीमामा. मामा प्रयोगशाळेची काचभांडी धुतात. वीस वर्षं झाली, पण कायम नाहीत. दर वर्षी मॅडमची सही झाली की पुढचं वर्ष. त्यांच्या करारात एक वाक्य ठळक आहे: बाकावरच्या कोणत्याही चालू कामाला हात लावायचा नाही. मामांचा मोरीचा कट्टा ताईंच्या बाकाच्या पाठीला पाठ लावून आहे, त्यामुळे वीस वर्षं दोघांनी एकमेकांशी बहुतेक तोंड न बघताच गप्पा मारल्या आहेत. दुपारचा डबा तेवढा समोरासमोर.

"यंत्रात बिघाड असेल," मामा म्हणत. "तुमच्या हाताला काय धाड भरलीय?"

"यंत्र तपासलं, मामा."

"मग त्या पेशीच नाठाळ असतील. आजकाल कुणाला निरोप द्या, ऐकतंय कोण?"

मामांना काम समजत नव्हतं असं नाही. ताईंनीच त्यांना सगळं सांगितलं होतं: हे हलवायचं नाही, त्यात फेस आणायचा नाही, या बाटलीला साबणाचा वास राहता कामा नये. मामा ते देवाच्या शब्दासारखं पाळत.

चौथा घाणा सोमवारी सुरू झाला. ताईंनी सकाळी युरियाची पूड तोलली, बीकरमध्ये पाण्यात घातली, बीकर चुंबकाच्या ढवळणीवर ठेवला आणि नेहमीप्रमाणे त्याला खालून जुनं फडकं गुंडाळलं. मग जिवाणूंचा बोळा धुवायला त्या तासाभरासाठी पलीकडच्या खोलीत गेल्या. तिथे सेंट्रिफ्यूज घरघरत होतं. आज त्यांनी प्रत्येक पायरी वहीशी ताडून पाहायची ठरवली होती. पाणी बरोबर. क्षार बरोबर. युरियाचा डबा तोच. काही चुकलं नव्हतं, आणि त्यामुळे त्यांचा जीव आणखीच खालीवर होत होता.

परत आल्या तेव्हा युरिया काचेसारखा स्वच्छ विरघळला होता. ताईंनी फडकं सोडलं आणि सवयीने ते पिळायला मोरीकडे वळल्या.

फडकं कोरडं होतं.

ताई तिथेच थांबल्या. युरिया पाण्यात पडला की पाणी बर्फासारखं गार करतो. हे त्याचं जन्माचं लक्षण. बीकर इतका गारठतो की बाहेरून त्याला घाम सुटतो. बाक ओला होऊ नये म्हणून तर सव्वीस वर्षं हे फडकं. दर वेळी ते ओलं होतं, दर वेळी त्या ते पिळतात आणि दर वेळी त्यांची बोटं पांढरी पडतात. मागच्या महिन्यात कुठे पिळलं होतं? त्याच्या आधी? तीन महिन्यांपूर्वी आपण मामांना म्हणालो होतो, "काय हो, आज युरिया झटकन विरघळला!" आणि मामा पाठमोरे हसले होते.

त्यांनी बीकरला हात लावला. ना गार, ना गरम.

"मामा," त्या म्हणाल्या, "या बीकरला कुणी हात लावला?"

मामांचा ब्रश थांबला. ते वळले. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा दिसतो तसे मुळीच दिसत नव्हते. उलट थोडे लाजल्यासारखे दिसत होते.

"मीच," ते म्हणाले. "गरम पाण्यात ठेवतो थोडा वेळ. आपली बाटल्या भिजवायची टाकी आहे ना, त्यात. तुम्ही तिकडे गेलात की फडकं सोडून ठेवतो, यायच्या आत काढतो, पुसतो, फडकं पुन्हा गुंडाळतो. ढवळत नाही, हलवत नाही, फेस नाही, काही नाही! तुमची बोटं बघवत नव्हती मला. त्या दिवशी तुम्ही काखेत हात घालून उभ्या होतात, डोळ्यांत पाणी आलं होतं."

बाटल्या भिजवायच्या टाकीचं पाणी साठ अंशांवर असतं.

"मामा, युरिया गरम करायचा नसतो हो!"

"तुम्ही कधी म्हणाला नाहीत तसं."

नव्हत्याच म्हणाल्या. भिंतीवरच्या तक्त्यात ती ओळ होती, पण तक्ता गेला आणि ओळ ताईंच्या डोक्यात राहिली. जी वस्तू आपणहून बर्फ होते ती गरम करू नका, हे कुणाला कशाला सांगायचं?

मग ताई भडकल्या. "तीन महिने! तीन महिने मी रोज स्वतःला खाते आहे, आणि तुम्ही डब्याला समोर बसून यंत्राला नावं ठेवता!" आवाज चढला तशी दोन डोकी बाकांवरून वर आली. ताईंनी आवाज खाली आणला आणि दातओठ खात सगळं सांगितलं. युरिया तापला की त्यातला थोडा भाग वेगळाच पदार्थ होतो. तो पदार्थ प्रथिनाच्या माळेला कुसळांसारखा चिकटतो. शर्टाला कुसळं लागली तर शर्टाचं वजन काय वाढणार? मापही तेच. पण जिथे वळायचं तिथे माळ नीट वळत नाही, वळलीच तर खाचेत बसायची कडा कुसळांनी भरलेली. तराजूला काही कळत नाही, जेलला कळत नाही. फक्त पेशीला कळतं.

मामांनी ऐकून घेतलं. त्यांच्या हातातली बाटली साबणाची तशीच राहिली होती.

"म्हणजे ते तिन्ही माझ्यामुळे," ते म्हणाले. मग हळूच, "मॅडमना सांगावं लागेल ना?"

ताईंनी बीकर उचलला, युरिया मोरीत ओतून दिला आणि पुन्हा पूड तोलली. या वेळी त्या बाजूला हलल्या नाहीत. बीकर गार पडत गेला, काचेला घाम सुटला, फडकं भिजलं. ताईंनी ते पिळलं. बोटं पांढरी पडली, मग कळ आली, आणि त्या कळेनं त्यांना इतकं बरं वाटलं की नव्या विद्यार्थ्याने पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाईंचं डोकं फिरलंय.

पुढचे दोन आठवडे नेहमीसारखे गेले. चार तास थेंब, तीन दिवस थंड खोली, मग गाळणं, शुद्ध करणं, वजन, जेल. सगळं शंभर नंबरी, म्हणजे काहीच सिद्ध नाही. मामा या दिवसांत डबा मोरीपाशीच उभ्याने खात होते. ताईंनी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा त्यांना नेमकं काम निघालं.

पेशींच्या तिसऱ्या दिवशी ताई आणि मॅडम एकत्रच बशी घेऊन बसल्या. आधी मॅडमनी पाहिलं. मग त्या बाजूला सरकल्या. ताईंनी डोळा लावला.

तंतू फुटले होते. प्रत्येक पेशीतून दोन, तीन, चार. लांब, बारीक, पुढे जाऊन दुसऱ्या पेशीला टेकलेले. एक तर सगळी चौकट ओलांडून पलीकडे गेला होता. ताईंनी हजार वेळा हे पाहिलं होतं. तरी त्यांचा डोळा भरून आला आणि बशीतलं सगळं धूसर झालं. त्या रडल्या, आणि आपण रडतो आहोत याची त्यांना लाज वाटली नाही.

मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भांडार रद्द," त्या म्हणाल्या. "चूक कुठे होती?"

नोंदीच्या कागदावर 'कारण' म्हणून एक ओळ रिकामी होती. ताई दोन आठवडे त्या ओळीचाच विचार करत होत्या. खोटं लिहायचं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या वहीत एक खोटी ओळ नाही. खरं लिहिलं तर मामांच्या करारातलं ते ठळक वाक्य आडवं येत होतं. त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं: 'युरियाचे द्रावण गरम झाले होते.'

मॅडमनी वाचलं. "झालं होतं, की केलं होतं?"

"झालं होतं."

"ताई, युरिया गार होतो. आपणहून गरम होत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत."

ताईंनी कागदाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. काचेच्या दारापलीकडे मोरीचा नळ चालू होता आणि त्याखाली कुणी काही धूत नव्हतं.

"माझ्या बाकावर झालं," त्या म्हणाल्या. "गरम करू नये, हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. हवं तर तेही लिहिते."

मॅडमनीही दाराकडे पाहिलं. नळ अजून चालूच होता. मग त्यांनी कागद पुढे ओढला, 'झाले होते' याच्याखाली सही केली आणि म्हणाल्या, "नवा तक्ता करा, ताई. तुमच्या अक्षरात. त्यात सगळं लिहा, अगदी ज्याला काही माहीत नाही त्याच्यासाठी."

ताई बाहेर आल्या आणि मोरीशी थांबल्या. "मामा, नळ बंद करा आणि उद्या डब्याला समोर बसा. उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही."

मामांनी नळ बंद केला. "काय लिहिलंत?"

"जे झालं ते."

पुढच्या सोमवारी पाचवा घाणा. ताईंनी पूड तोलली, बीकर ढवळणीवर ठेवला, फडकं गुंडाळलं आणि पलीकडच्या खोलीत गेल्या. तासाने परत आल्या. बीकर घामाने निथळत होता, फडकं चिंब होतं. बाकावर, बीकरपासून चांगलं हातभर लांब, एक काचेचं रुंद भांडं होतं. त्यातून वाफ येत होती. बाटल्यांवर लिहायच्या काळ्या शाईने त्यावर मामांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'फक्त हातांसाठी'.

मोरीपाशी मामा पाठमोरे उभे राहून तीच बाटली दुसऱ्यांदा धूत होते. ताईंनी फडकं पिळलं, बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्या पाण्यात बुडवले.